मनोऱ्याला कसलं भाडं

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला मोबाइलचा एक लोखंडी मनोरा उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याशी मोबाइल लागत नाही. वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. दर शनिवारी पुण्या-मुंबईचा कुणीतरी तरुण हात उंच करून त्या मनोऱ्याभोवती फेऱ्या मारतो आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारतो, "काकू, टॉवर तर इथेच आहे ना?" सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचे. हल्ली म्हणते, "आहे ना. एखादी प्रदक्षिणा राहिली असेल तर घाला आणि जेवायला बसा."

त्यांना ती गंमत वाटते. मला वाटत नाही. त्या मनोऱ्यासाठी आमचे फळते माड तोडले गेले, आणि माझ्या सासूबाईंनी या घरात राहायचं की नाही हेही त्याच मनोऱ्यावर ठरायचं होतं. तेव्हा हे सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. मी तो खाली आणणार नाहीये.

सासूबाई म्हणजे टेलिफोनची बाई. निवृत्त होईपर्यंत त्या श्रीवर्धनच्या सरकारी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आमच्या गावातून सकाळच्या एसटीने जायच्या, संध्याकाळच्या एसटीने यायच्या. त्या काळी बोर्डासमोर बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि दोऱ्या या भोकातून त्या भोकात घालून माणसं माणसांना जोडायची. मुंबईचा कॉल हवा तर आधी नोंदवायचा आणि मग बाकावर बसून वाट बघायची. साधा कॉल, त्याहून महाग अर्जंट, आणि सगळ्यांत महाग लायटनिंग. पण एक रीत नियमांत कुठेच नव्हती, ती या बायकांनी आपसांत पाडली होती. कुणी मयताची बातमी कळवायला आलं, की त्याचा कॉल सगळ्यांत आधी. पैसे साध्या कॉलचे घ्यायचे आणि लायटनिंगवाल्यालाही थांबवून तो पुढे काढायचा. साहेबांना माहीत होतं. साहेब तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत.

सासूबाई हे सांगताना अजूनही तावात येतात. "तिकडे पोराला बापाचं तोंड बघायला निघायचंय, आणि मी इकडे व्यापाऱ्याचा सुपारीचा भाव आधी लावू? लाइन कुणाच्या बापाची नसते गो. ज्याला जास्त गरज, त्याची ती."

जुनं ते सोनं म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही. सरकारी फोन काही देवमाणूस नव्हता. गावात कनेक्शन मागितलं तर पोरगं बालवाडीतून कॉलेजात जाईपर्यंत नंबर लागत नसे. आमच्याकडे फोन आला तो सासूबाईंच्या नोकरीमुळे, आणि आला तरी पावसाळ्यात त्यात माणसाच्या आवाजापेक्षा खरखरच जास्त. लाइनमन बोलावला की त्याच्या सवडीने यायचा, सायकल माडाला टेकवायचा, चहा प्यायचा आणि जाताना एक न सोललेला असोला नारळ घेऊन जायचा. तो नारळ म्हणजे ठरलेलाच. पण तो यायचा. त्याला चेहरा होता, तो चुकला तर त्याला त्याच्या आईवरून बोलता यायचं आणि तो हसून म्हणायचा, "वैनी, उद्या करतो."

टेलिफोनचे खांब गावातल्या प्रत्येक वाडीतून गेलेले होते. खांब कुजला की लाइनमन तार सरळ पोफळीला बांधायचा. कुणी कधी हरकत घेतली नाही. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनीही नाही. सार्वजनिक विहिरीकडे जाणारी पायवाट जशी कुणाच्याही वाडीतून जाते आणि तिचं भाडं कुणी मागत नाही, तशी ही तार. ही इथली समज. ती कुठे लिहिलेली नव्हती आणि लिहावी असं कुणाला वाटलंही नव्हतं.

मग वादळ झालं. आमच्या निम्म्या पोफळी त्यात आडव्या झाल्या, त्यांच्याबरोबर खांबही झाले. पोफळी आम्ही पुन्हा लावल्या. खांब तसेच पडून राहिले, त्यांच्यावर गुळवेल चढली. मी श्रीवर्धनच्या टेलिफोन ऑफिसात खेटे घातले. तिथे मोठ्या हॉलमध्ये एकच गृहस्थ बसलेले असत आणि त्यांच्या भोवती रिकाम्या खुर्च्या. ते भले होते, मला बसायला सांगायचे. शेवटी एकदा म्हणाले, "बाई, आता तार ओढायची नाही असंच धोरण आहे. मोबाइल घ्या."

"कुणाचा घेऊ?"

"कुणाचाही घ्या. आमचाच घ्या असं मी कुठल्या तोंडाने सांगू?"

या उत्तराचा मला आजही राग येतो, आणि त्या माणसावर नाही. इतकी वर्षं सरकारने स्वतःच्या पोराला शिळा तुकडा घातला आणि शेजारच्या पोरांना ताट वाढलं. फोरजीसारखी नवी लहर आली की आधी खासगीवाल्यांना, आमच्या सरकारी फोनला मागाहून, तोवर निम्मी गिऱ्हाइकं निघून गेलेली. माणसं निवृत्त झाली की जागा भरायच्या नाहीत. आणि मग दिल्लीत उभं राहून सांगायचं, की पोर नालायक निघालं, त्याच्या जिवावर बसू नका. अहो, उपाशी ठेवलंत ते कुणी?

याच सुमारास सासूबाईंचं हृदयाचं दुखणं सुरू झालं. डॉक्टर स्पष्टवक्ते निघाले. त्यांनी माझ्या नवऱ्याला आणि मला समोर बसवून सांगितलं, की औषधांवर त्या छान राहतील, पण छातीत दुखायला लागलं तर ताबडतोब फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. उशीर चालणार नाही. "घरात चालू फोन असेल तर खुशाल ठेवा त्यांना गावात. नसेल तर पनवेलला धाकट्याकडे पाठवा." पनवेलला माझे दीर-जाऊ राहतात, इमारतीच्या अकराव्या मजल्यावर. सासूबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मला अकराव्या मजल्यावर नाही मरायचं. फोन आणा."

म्हणजे सगळं फोनवर आलं. फोन असेल तर घर, नाहीतर पनवेल.

गावात तेव्हा रेंज यायची ती फक्त सुरूच्या बनापलीकडे, पुळणीवर. तिथे वाळूत उभं राहून माणसं आपापल्या खासगी गोष्टी ओरडून बोलायची. कुणाच्या मुलीला स्थळ आलं, कुणाच्या पोटात गोळा आला, हे सगळ्या गावाला पुळणीवर कळायचं. पण छातीत दुखणाऱ्या माणसाला घरात टाकून पुळणीवर धावायचं म्हणजे काय, ते ज्याला करावं लागतं त्यालाच ठाऊक.

म्हणून खासगी कंपनीचा माणूस मनोऱ्याला जागा शोधत गावात आला, तेव्हा तो मला साक्षात देवदूत वाटला होता. गळ्यात ओळखपत्र, अंगात इस्त्रीचा शर्ट, अर्धं मराठी, अर्धं मुंबईचं हिंदी. आमच्या वाडीचं वरचं अंग उंचावर आहे, ते त्याने पसंत केलं. चहा घेता घेता त्याने भाड्याचं बोलणं काढलं. सासूबाई झोपाळ्यावर होत्या. त्यांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला.

"मनोऱ्याला कसलं भाडं?"

तो गोंधळला. "आजी, जागेचं भाडं. सगळे घेतात."

"टेलिफोनचाच आहे ना मनोरा? इतकी वर्षं खांब होते आमच्या वाडीत. कधी छदाम घेतला का आम्ही?"

"आजी, ते सरकार होतं. ही कंपनी आहे."

"परवाना कुणाचा?"

"सरकारचाच."

"मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या. "भाडं नको. फक्त लाइन बंद पडता कामा नये."

"बिलकुल नाही पडणार, आजी."

मी दारातून डोळे वटारले. नवऱ्याने ते बघून न बघितल्यासारखं केलं, कारण आईपुढे त्याचं कधी चाललेलंच नाही. परवाना सरकारचा म्हणजे काम लोकांचं, एवढं साधं गणित त्या बाईच्या डोक्यात होतं. तिने जन्मभर तेच बघितलं होतं. ही चूक शहरातला माणूस करणार नाही. तो आधी वकील गाठेल. आमच्याकडे अशी चूक प्रत्येक घराने केली असती, आणि त्या पोराला ते कळलं, हे मी त्याच्या तोंडावर बघितलं. भाड्याचा आकडा लिहायच्या जागी त्याने एक रेघ ओढली आणि घाईघाईने चहा संपवला. जागा मात्र लांबलचक मुदतीने लिहून घेतली. लाइन बंद पडता कामा नये हे त्यात कुठेच आलं नाही, कारण ते बोलणं झोपाळ्यावर झालं होतं.

आता प्रश्न माडांचा. मनोऱ्याला लागणाऱ्या जागेवर सहा माड होते, वाडीतले सगळ्यांत उंच. फळता माड तोडायचा तर आमच्या गावात आधी ग्रामदेवतेचा कौल घेतात. पाषाणावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी देवळात सगळं गाव जमलं, कंपनीचा माणूसही आला, बूट बाहेर काढून. गुरवाने खणखणीत गाऱ्हाणं घातलं. आणि कळ्या पडेनात. डावी नाही, उजवी नाही. ऊन वर चढलं, बायका घरी आमट्या लावून परत आल्या, तरी देवी गप्प. कंपनीचा माणूस घड्याळ बघायला लागला. त्याचं घड्याळ बघून गावातले पुढारी अस्वस्थ झाले, कारण हा गेला तर मनोरा शेजारच्या गावात जाणार. मग कुणीतरी गुरवाला काही खुणावलं. गुरवाने देवीला पुन्हा स्नान घालावं तसं तांब्यातलं पाणी हलकेच शिंपडलं, जरा उजवीकडेच जास्त, आणि उजवी कळी पडली. "कौल दिला!" सगळे ओरडले.

पाणी मारून पाडावी लागते त्या कळीला कौल म्हणत नाहीत. हे तेव्हा सगळ्यांना कळत होतं. देवीला सांगायचं नव्हतं ते आम्ही तिच्याकडून वदवून घेतलं, आणि वर पेढे वाटले.

माड तोडायला आमच्याच गड्याला उभं केलं. हा गडी पंचवीस-तीस वर्षं आमच्या माडांवर चढतोय. त्याने प्रत्येक माडाला आधी हात लावून कपाळाला लावला आणि मग कुऱ्हाड चालवली. शेवटचा माड पडल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैनी, ह्यो बरा नारळ द्यायचा. आता न्हाय."

मनोरा उभा राहिला आणि खोटं का बोलू, चालला. वर्षभर छान चालला. सासूबाईंच्या उशाशी मोबाइल असायचा. रोज संध्याकाळी त्या पनवेलला फोन लावायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आवाज स्वच्छ येतोय ना?" पुळण ओस पडली. एकदा त्यांना जरा अस्वस्थ वाटलं तर डॉक्टरांशी घरातूनच बोलणं झालं, गोळी बदलली, विषय संपला. मी मनातल्या मनात त्या इस्त्रीच्या शर्टाला धन्यवाद दिले.

मग एके दिवशी दुपारी रेंज गेली, मोबाइलवरच्या सगळ्या कांड्या नाहीशा झाल्या. वीज गेली असेल म्हणून आम्ही थांबलो. वीज आली, रेंज नाही आली. आठवडा गेला. एका सकाळी टेम्पोतून चार माणसं आली, मनोऱ्यावर चढली आणि वरच्या पेट्या उतरवून घेऊन गेली. नवऱ्याने विचारलं, "दुरुस्तीला का?" त्यांतला एक म्हणाला, "मालूम नही सेठ, हमको सिर्फ उतारने को बोला."

त्यानंतर मी जो फोनचा धंदा केला, तो पुळणीवर उभं राहून केला, हे ध्यानात घ्या. वाळू तापलेली, एका हाताने पदर डोक्यावर, आणि कानात बाई सांगतेय, मराठीसाठी दोन दाबा. दोन दाबून, चार दाबून, गाणं ऐकून शेवटी एक मुलगी मिळायची आणि म्हणायची, "आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व." दर वेळी वेगळी मुलगी, तेच क्षमस्व. थोडं थोडं करून जे कळलं ते असं: आमच्या कंपनीला दुसऱ्या मोठ्या कंपनीने गिळलं होतं. मोठ्या माशाने छोटा मासा खाल्ला आणि काटा आमच्या घशात अडकला. मोठ्या कंपनीला आमचं गाव परवडत नव्हतं. मनोऱ्याचं लोखंड तिसऱ्याच कंपनीचं. त्यात डिझेल टाकणारा ठेकेदार चौथा. आणि क्षमस्व म्हणणारी मुलगी पाचव्याच्या पगारावर. यांतल्या प्रत्येकाने मला सांगितलं की हे काम आमचं नाही, आणि गंमत म्हणजे प्रत्येकजण खरं बोलत होता.

मग मी नियामकांकडे गेले. दिल्लीत या सगळ्या कंपन्यांवर देखरेख ठेवायला एक मोठी यंत्रणा आहे. उत्तर आलं, तेही नम्र, की आम्ही एकेका ग्राहकाची तक्रार बघत नाही, आपण आपल्या कंपनीकडे दाद मागावी. कंपनीकडे मागितली. कंपनीचा साहेब म्हणाला, "मॅडम, आमच्या नकाशावर तुमचं गाव हिरवं दाखवतंय. म्हणजे तिथे सेवा आहे."

"पण मी पुळणीवरून बोलतेय."

"पण गाव हिरवं आहे, मॅडम."

उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकलं होतं. हे नकाशावरून हाकत होते. खेड्यांपर्यंत फोन पोचावा म्हणून या कंपन्यांच्या मिळकतीतून सरकार एक हिस्सा कापून घेतं, असं मला एका पाहुण्याने सांगितलं होतं. तो पैसा कुठे जातो ते मी विचारलं, तर त्याचं खातं निराळं निघालं. देवी त्या दिवशी गप्प बसली होती, पण निदान समोर बसली होती. या लोकांचं तोंडसुद्धा बघायला मिळत नाही, शिव्या घालायच्या कुणाला?

सासूबाईंना मी यातलं निम्मंच सांगायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मोठी कंपनी आली म्हणालीस ना? मग तिने सगळी गावं घेतली की निवडून घेतली?"

"निवडून."

"म्हणजे व्यापाऱ्याचा कॉल आधी," त्या म्हणाल्या.

पनवेलचा विषय पुन्हा निघाला. दिराचा निरोप यायचा की आईला पाठवा. सासूबाई म्हणायच्या, "नवरात्र होऊ दे." नवरात्र झालं की, "सुपारी सोलून होऊ दे." मी त्यांना ढकललं नाही. मला वाटायचं कुणीतरी येईल, पेट्या पुन्हा लावील.

सुपारी सोलायच्या दिवसांतच ते झालं. सकाळची वेळ, अंगणात सुपारी वाळत घातलेली, सासूबाई पाटावर बसून सोलत होत्या. नवरा श्रीवर्धनला बाजारात गेलेला. मी खोल्या झाडत होते. पाटावरून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. बाहेर आले तर त्यांनी छातीवर मूठ धरलेली, चेहरा पांढरा, आणि घामाने केस कपाळाला चिकटलेले. मला बघून एवढंच म्हणाल्या, "लाइन लाव."

मी मोबाइल घेऊन अंगणात उभी राहिले. पुळणीवर धावले तर या इथे एकट्या. न धावले तर फोन नाही. मी ओरडले असणार, कारण आमचा गडी वाडीतून पळत आला. त्याने सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात पुढे केला.

"मोबाइल द्या हिकडं. मी चढतो."

त्याने आधी माडांकडे बघितलं. वादळाने आणि कुऱ्हाडीने ठेवले होते ते सगळे बुटके. उंच होते त्यांची जागा मनोऱ्याने घेतली होती. मग तो मनोऱ्याकडेच धावला. भोवती जाळीचं कुंपण, त्याला कुलूप. त्याने कोयत्याची मूठ दोनदा कुलपावर घातली, आणि पुढच्या क्षणी तो लोखंडावर होता. जन्मभर माडावर चढलेला माणूस, त्याला शिडी म्हणजे रस्ताच. पार टोकाला गेला आणि वरून त्याचा आवाज आला, "लागली! वैनी, कांडी लागली! खाडीपल्याडची हाय!"

माझ्या मांडीवर सासूबाईंचं डोकं, मी गोळी जिभेखाली ठेवलेली, आणि वरून तो सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात रुग्णवाहिकेच्या मुलीशी बोलत होता. गावाचं नाव सांगितलं, वाडी सांगितली, म्हातारीच्या छातीत दुखतंय सांगितलं. तिने विचारलं असावं की तुम्ही कुठून बोलताय.

"टावरवरना बोलतोय!"

पलीकडून ती त्याला काहीतरी विनवत असावी. मग म्हणाला, "न्हाय वो ताई, मी उडी कशाला मारू? मला काय धाड भरलीय? म्हातारीसाठी चढलोय! तुमी गाडी पाठवा, मी उतरतो!"

तिचं काही चुकलं नाही. मनोऱ्यावर चढलेला माणूस म्हणजे जीव द्यायला निघालेला, एवढंच तिला ठाऊक. तिने रुग्णवाहिका पाठवली आणि पोलिसांनाही कळवलं. गाडी वेळेत आली. मागोमाग पोलिसांची जीप आली आणि हवालदार गड्याला समजावायला लागला की संसारात असं व्हायचंच. मी गाडीत चढता चढता त्याच्यावर इतकी ओरडले की तो टोपी सावरत मागे सरला.

सासूबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर नसत्या वाचल्या. आणि असंही म्हणाले, की दर वेळी कुणाला मनोऱ्यावर चढवणार? मला वाटलं, चढवू. का नाही चढवणार? पेट्या नाहीत तर नाहीत, शिडी म्हणून तरी मनोरा उपयोगाचा आहे. गडी म्हणाला होता, "वैनी, मी जवळच ऱ्हातो. हाक मारा." मी सासूबाईंना घरी आणायचं ठरवलं.

घरी आणायच्या आधीच कंपनीचा माणूस आला. मी इतके महिने ज्यांच्या दारात नाक घासलं, त्यांतला एक जिवंत माणूस शेवटी आमच्या वाडीत आला. तो इस्त्रीवाला नव्हता, दुसराच. पोलिसांकडून कळलं होतं म्हणे. कुलूप कुणी तोडलं, ते विचारायला आला होता. कंपनीच्या मालमत्तेत घुसणं हा गुन्हा आहे, पुन्हा झालं तर कारवाई होईल, असं त्याने माझ्या नवऱ्याला आमच्याच अंगणात, आमच्याच खुर्चीवर बसून सांगितलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण इतक्या शांत आवाजात मी त्या पहिल्यांदाच ऐकल्या. त्याला मी चहा दिला नाही. आमच्या घरातून बिनचहाचा गेलेला तो पहिला माणूस असेल.

त्याच्याबरोबर दोन कामगार होते. त्यांनी नवं जाड कुलूप घातलं, कुंपण उंच केलं आणि मनोऱ्याच्या चारही पायांना काटेरी तारांची वेटोळी गुंडाळली, माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत. काम फार व्यवस्थित केलं. संध्याकाळच्या आत संपलं. आमची तक्रार ऐकायला कुणाला सवड नव्हती, त्यांची तक्रार एका दिवसात निवारली. गडी कुंपणाबाहेर उभा राहून बघत होता. मी त्याला विचारलं, "चढता येईल?"

त्याने तारेची वेटोळी खालून वर नजरेने मोजली. "न्हाय," म्हणाला.

आम्ही सासूबाईंना इस्पितळातून सरळ पनवेलला नेलं. मध्ये घर लागत होतं, पण त्यांनीच सांगितलं की गाडी थांबवू नका. खिडकीची काच मात्र खाली करायला लावली.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले होते. अकराव्या मजल्यावर फोनला सगळ्या कांड्या. खिडकीतून बघितलं तर पाच-सहा मनोरे एका नजरेत दिसतात, वेगवेगळ्या कंपन्यांचे, एकमेकांना खेटून. तिथे सगळ्यांना परवडतं. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, बारीक झालेल्या, मांडीवर मोबाइल. मुलगा गावाला घरी एकटा आहे, जेवला की नाही ते विचारायचं होतं त्यांना. मी म्हटलं, "आई, तो आता घरात असेल. घरात नाही लागणार."

"माहीत आहे मला," म्हणाल्या, आणि लावला.

जाऊने मला खुणेने सांगितलं, की रोज लावतात. आवाज मोठा ठेवलेला असतो, त्यामुळे मलाही ऐकू आलं. आधी शांतता, मग ती नेहमीची गोड बाई: आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती व्यक्ती सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

सासूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खुर्चीत ताठ बसल्या, आणि बोर्डावरच्या नव्या मुलीला चूक दाखवावी तशा त्या फोनमध्ये म्हणाल्या, "ती व्यक्ती जागेवरच आहे, बाई. बाहेर गेलात ते तुम्ही. नीट सांगत जा."

आणि त्यांनी पुन्हा नंबर लावला.